मेहुण्याच्या गाडीची काच

माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, मोठी गाडी घेतली. परदेशी कंपनीची, काळी, लांबलचक. तिच्या समोरच्या काचेत काय काय आहे हे त्यानं मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. काचेच्या दोन थरांमध्ये एक पातळ पडदा आहे, त्यामुळं बाहेरचा आवाज आत येत नाही. गाडीचा वेग काचेवरच आकड्यांत उमटतो, मान खाली घालायला नको. आरशामागं कॅमेरा आहे, तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचतो आणि पुढं कुणी आडवं आलं तर गाडीला आपोआप ब्रेक लावतो. आणि पाऊस आला की काचेला ते कळतं, वायपर आपणहून सुरू होतात.

मी म्हणालो, लातूरला ही शेवटची सोय वर्षातनं किती वेळा कामी येणार? ज्या गावाला एके काळी रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ती काच बिचारी वाट बघून बघून पाऊस कसा असतो हेच विसरून जाईल. मेहुणा हसला नाही. तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. विनोद त्याचे तोच करतो, आणि ते दरवर्षी तेच असतात.

मी नांदेडला कॉलेजात मराठी शिकवतो. मराठीचा क्लास कुणी लावत नाही, त्यामुळं आमच्याकडं जी गाडी आहे तिची काच म्हणजे नुसती काच आहे. तिच्यातनं पलीकडचं दिसतं, तेवढ्यावर आम्ही समाधानी असतो.

पण मेहुण्याच्या गाडीबद्दल मी जास्त टोमणे मारत नाही. ती त्यानं कुठून सुरुवात करून घेतली ते मी पाहिलंय. आमचं लग्न झालं त्याच वर्षी भूकंप झाला. सासुरवाडी औसा तालुक्यातली. दगडमातीच्या भिंती एका पहाटेत खाली आल्या. माणसं वाचली, घर गेलं. मेहुणा तेव्हा कॉलेजात होता. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये सगळे राहायला लागले आणि त्याच शेडच्या एका कोपऱ्यात तो शेजारपाजारच्या पोरांची गणितं घ्यायला लागला. त्या कोपऱ्याचं पुढं लातुरात आधी एक खोली, मग एक मजला आणि आता इमारत झाली. बाहेर चपलांचा ढीग, आत शेकडो पोरं, आणि सगळ्यांना डॉक्टरच व्हायचं.

त्या भूकंपाच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला तो एसटीनं आमच्याकडं आला होता. खांद्यावर ज्वारीची लहानशी पिशवी. सासूबाईंनी पडलेल्या घरातनं उकरून काढलेली. माझ्या सासुरवाडीची एक रीत आहे. वर्षाची ज्वारी आधी लेकीच्या दारात उतरते, मग घरच्या कोठीत जाते. भावानं स्वतःच्या खांद्यावर आणायची, लेकीनं उंबऱ्यावर पाणी घालायचं, पोत्याला हळदकुंकू लावायचं, भावाला गूळपाणी द्यायचं, मग ज्वारी आत. ती वाटेत दुसरीकडं कुठं उतरवायची नाही. दारात पोचेपर्यंत तिच्याबद्दल बोलायचंही नाही. आणि जावयानं तिला हात लावायचा नाही, काय आणलं म्हणून विचारायचंही नाही. हे शेवटचं कलम माझ्या पाठीच्या दृष्टीनं फार विचार करून घातलेलं आहे असं मला नेहमी वाटतं.

त्या वर्षीच्या ज्वारीत भिंतीची माती होती. बायकोनं पाखडली, चाळली, धुऊन वाळवली, तरी भाकरी दाताखाली कचकचायची. आम्ही ती शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ज्वारी येत राहिली. एसटीनं आली, मग जीपनं आली, आणि आता त्या काळ्या गाडीच्या डिक्कीतनं यायला लागली.

मधल्या काळात एक गोष्ट बिघडली ती आमच्या मुलीची. बिघडली म्हणजे मेहुण्याच्या मते. दहावीनंतर आम्ही तिला मामाकडं लातूरला ठेवलं. मामाचं घर, मामाचा क्लास, डोक्यावर मामाचाच हात. नांदेडात लोक आम्हाला पेढे कधी असं आधीच विचारायचे. पहिल्या वेळी मेडिकलला नंबर लागला नाही. रिपीट केलं, दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्यांदा बसायला तिनं नकार दिला. मला वायरी-सर्किटात रस आहे, तेच शिकते म्हणाली. मामानं आपल्या बहिणीला फोन केला, "अक्का, अजून एक वर्ष दे म्हणावं तिला. न्हाई तर मला तिचं काही सांगत जाऊ नको." मी घरातला कर्ता पुरुष असल्यामुळं त्या वेळी गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घातलं.

मुलगी इंजिनिअर झाली. पुण्यात गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका मोठ्या वर्कशॉपात काम शिकली, आणि परत येऊन नांदेडात लातूरच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. उद्घाटनाच्या पूजेला मामा आला नाही. नवी बॅच सुरू होती. भाऊबीज, राखी, लग्नकार्य सगळं चालू होतं. मामा तिला जेवलीस का विचारायचा, तब्येत विचारायचा. दुकान मात्र कधी विचारलं नाही.

दुकानात टेम्पोच्या, जीपच्या, ट्रॅव्हल्सच्या काचा यायच्या. पण तिनं जे यंत्र घेतलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. काचेत कॅमेरा असलेल्या गाडीची काच बदलली की तो कॅमेरा पुन्हा सरळ बघायला शिकवावा लागतो. तिनं मला हे दोनदा समजावलं. मी म्हणालो, म्हणजे नव्या चष्म्याचा नंबर काढायचा. ती म्हणाली, "बाबा, तसंच समजा." तर ते नंबर काढायचं यंत्र दुकानात चादर पांघरून बसलं होतं. मोठ्या गाडीवाले हैदराबादला जायचे. दिवाळीपर्यंत एकही तशी गाडी आली नाही तर यंत्र विकून पुण्याची नोकरी पुन्हा धरायची, असं तिनं आम्हाला शांतपणे सांगून ठेवलं होतं. बायको त्या दिवसापासून देवापुढं जरा जास्त वेळ बसायला लागली. मी गच्चीवर.

आणि चाकूरजवळ खडीच्या ट्रकमधला एक खडा उडून मेहुण्याच्या काचेला लागला.

खडा बारीक, खूणही बारीक. पण मे महिना. गाडी दिवसभर क्लाससमोर उन्हात उभी, आणि साहेबांनी बसल्या बसल्या एसी जोरात लावला. त्याच्या डोळ्यांदेखत खुणेतनं एक रेघ निघाली आणि काचेवरनं आडवी सरकत गेली. फिजिक्सचा माणूस असल्यामुळं असं का झालं ते त्याला नीट माहीत होतं, एवढाच काय तो आधार.

कंपनीच्या हैदराबादच्या वर्कशॉपानं लांबची तारीख दिली. तेवढ्यात माझ्या बायकोनं फोन करून भावाला सांगितलं, काच माझ्या पोरीकडंच बसेल. तो काहीतरी म्हणत होता. तिनं फोन ठेवला. आमच्या घरात फोन ठेवण्याची कला तिच्याइतकी कुणाला जमत नाही.

मुलीनं काच मागवली. लाकडी पेटीत, गवतात नव्हे तर फोमात गुंडाळून आली. त्याच गाडीची, सगळ्या सोयींची. साधी काच बसवली तर वेगाचे आकडे दोन-दोन दिसतात म्हणे. मी विचारलं, मग वेग दुप्पट धरायचा का? ती काचेच्या कडा तपासत राहिली. ती त्या दिवसांत फारसं बोलत नव्हती.

मेहुणा सकाळी लातूरहून निघाला तो घरी न येता थेट दुकानावरच आला. दुकान वाटेतच लागतं. मी तिथं आधीच जाऊन बसलो होतो. माझा उपयोग काही नव्हता, पण बाप म्हणून खुर्ची अडवणं मला जमतं. तो उतरला, दुकानाकडं न बघता वर पत्र्याकडं बघितलं, आणि माझ्याशी उन्हाबद्दल बोलला. मुलगी आली. वाकून नमस्कार केला आणि लगेच कामाचं विचारलं, गाडीत काही सामान आहे का, सगळं काढून ठेवायचंय. मामानं पुढची बॅग काढली, पाण्याची बाटली काढली, देवाचा फोटो काढला. म्हणाला, झालं.

मी गाडीच्या मागच्या बाजूकडं बघितलं. मे महिना, सासुरवाडीकडनं आलेली गाडी. डिक्कीत काय आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. पण दोघांनीही बोलायचं नव्हतं. शिवाय मला वाटलं, ज्वारीचा आणि काचेचा काय संबंध.

जुनी काच काढायचं काम बघण्यासारखं होतं. मुलगी आत, तिच्यासोबत काम करणारा हिमायतनगरचा मिस्त्री बाहेर, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक तार. ती काचेच्या कडेकडेनं ओढत ओढत त्यांनी चिकटवलेला डिंक कापत नेला. गहू दळताना जात्याला दोघी बसाव्यात तसं. मग नवी काच, रबरी कप लावून उचललेली, दोघांनी एका दमात बसवली. मेहुणा हातातला फोन विसरून उभा होता. मग दुपारभर डिंक वाळू द्यायचा. दारं आपटायची नाहीत. आम्ही डबा खाल्ला. मामानं भाजी चांगली झालीय म्हणून सांगितलं. भाजी अर्थात अक्कानं केलेली होती.

दुपार उतरल्यावर मुलीनं यंत्रावरची चादर काढली. गाडीसमोर मोजून मापून एक मोठा फळा उभा केला, त्यावर काळेपांढरे चौकोन. मोजपट्टी, दोरा, पुन्हा मोजपट्टी. मग यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी सरकत गेली आणि लाल झाली.

तिनं टायरची हवा तपासली. दारातनं येणारं ऊन पडदा लावून अडवलं. काच आतनं पुसली. पुन्हा लाल. फळ्याचं अंतर पुन्हा मोजलं. पुन्हा लाल.

मेहुण्यानं घड्याळ बघितलं. नंतर मिस्त्रीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण मुलीला जाईल अशा, मला म्हणाला, "दाजी, मी उद्या हैदराबादला टाकतो गाडी. उगी पोरीला त्रास नको." आवाजात राग नव्हता. नापास झालेल्या पोरांच्या आईबापांशी बोलायचा त्याचा आवाज आहे तो. मी तो आधी ऐकलेला होता. मुलीनंही.

तिनं मोजपट्टी उचलली. खाली बसली आणि गाडीच्या चारही चाकांवरची उंची मोजायला लागली. पुढं मोजली, मागं मोजली. पुन्हा मागं मोजली. उठली.

"मामा, गाडी मागनं बसलीय. डिक्कीत काय आहे?"

मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं. मी कॅलेंडरकडं.

"काही न्हाई तसं," तो म्हणाला. "अक्काचं हाय."

"वजन किती असेल?"

"दोन कट्टे ज्वारी. तेलाचा डबा. आईनं डाळ बी घातलीय वाटतं."

तिनं डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू आवाजात सांगितलं की मागं एवढं ओझं असलं की गाडीचं नाक वर होतं, आणि नाक वर झालं की कॅमेरा रस्ता सोडून आभाळाकडं बघतो. त्याला समोरचा फळा सरळ दिसणारच नाही. सगळं उतरवावं लागेल.

मेहुणा म्हणाला, मग मी अक्काच्या दारात उतरवून येतो, इथून किती लांब आहे. ती म्हणाली, नाही. कॅमेरा अजून शिकलेला नाही. गर्दीत गाडीनं मधेच कुठं ब्रेक मारला तर? अशी गाडी मी दुकानातनं बाहेर सोडणार नाही. तुमची असली तरी.

हे "तुमची असली तरी" ती अशा पद्धतीनं म्हणाली की मला तिच्यात तिची आई दिसली आणि मी खुर्ची थोडी मागं सरकवली.

मेहुण्यानं डिक्कीवर हात ठेवला. बाहेर रस्त्यावरनं एक एसटी गेली, तिची धूळ दाराच्या पडद्याखालनं आत आली. मला त्याची अडचण कळत होती. बाहेरच्या माणसाला हसू येईल, दोन पोती ज्वारी ती काय, उतरवा कोपऱ्यात. पण पडलेल्या घरातनं नखं तुटेपर्यंत उकरलेली पिशवी त्यानंच एसटीत मांडीवर धरून आणली होती, वाटेत खाली ठेवली नव्हती. तेव्हा नाही उतरवली ती आता वर्कशॉपातल्या ऑइलच्या डागांवर कशी उतरवायची?

त्यानं मग पहिल्यांदा दुकानाकडं नीट बघितलं. भिंतीला टांगलेली हत्यारं, यंत्र, कोपऱ्यातला लहानसा देव्हारा, दाराशी सिमेंटचा उंचवटा.

"हे दुकान कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या," ती म्हणाली.

"पूजा झाल्ती ना?"

"झाली. तुम्ही नव्हता."

"हां." तो थोडा थांबला. "हळदकुंकू हाय का इथं?"

तिला एक क्षण कळलं नाही. मला कळलं, आणि मी चष्मा पुसायला काढला.

"आसंल तर घेऊन ये," मेहुणा म्हणाला. "आणि तांब्याभर पाणी. हा बी आपल्या लेकीचाच उंबरा हाय की."

ती देव्हाऱ्यातनं करंडा घेऊन आली. तांब्या नव्हता, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं प्लास्टिकचं भांडं होतं, ते तिनं दोनदा विसळलं. मेहुण्यानं डिक्की उघडली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिला कट्टा खांद्यावर घेतला. शेकडो पोरांचा सर, वजन वाढलेलं, कंबरेला पट्टा. मिस्त्री मदतीला धावला तर त्याला मानेनंच नको म्हणाला. मीही सवयीनं उठलो आणि सवयीनंच बसलो. गाडी आधीच दाराच्या आत होती, म्हणून तो कट्टा घेऊन आधी रस्त्यावर गेला, तिथून वळून तोंड दुकानाकडं करून दारात उभा राहिला. तिनं उंचवट्यावर पाणी घातलं. कट्ट्याला हळद लावली, कुंकू लावलं. मग मामाच्या कपाळालाही लावलं, तेव्हा तिच्या बोटाचा काळा डाग त्याच्या कपाळावर कुंकवाशेजारी उमटला. गूळ नव्हता. मिस्त्रीनं चहाच्या डब्यातली साखर चिमूटभर आणून दिली. तो आत आला, कट्टा देव्हाऱ्याखाली ठेवला आणि खुर्चीवर बसून धापा टाकत म्हणाला, "आता दुसरा कोण आणणार?"

दुसरा मिस्त्रीनं आणला, तेलाचा डबा आणि डाळही. रीत पहिल्यापुरतीच आहे.

तिनं मोजपट्टी घेतली. फळा पुन्हा सरळ केला, बटण दाबलं. आम्ही तिघंही यंत्राच्या पडद्याकडं बघत होतो आणि मेहुण्याचे ओठ हलत होते. देवाचं म्हणत होता की कुठलं सूत्र, मला माहीत नाही. पट्टी सरकत गेली, मध्ये एकदा थांबली, आणि हिरवी झाली. मुलीनं पडद्याचा फोटो काढला, ठरलेली पद्धत असल्यासारखा. मग मागं वळून स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मेहुणा उठला. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

गाडी रस्त्यावर चालवून बघायची होती. तीच चालवत होती, मामा शेजारी, मी मागं. आत खरंच आवाज येत नव्हता. ट्रक शेजारनं गेला तरी मुक्यानं गेल्यासारखा. काचेवर वेगाचा आकडा उमटला, एकच, स्पष्ट. तिनं सांगितलं की कॅमेऱ्यानं आता पट्टे ओळखायला हवेत. बरंच अंतर गेलो तरी त्यानं काही ओळखलं नाही. मामा काळजीत. मग तिनं दाखवलं, त्या रस्त्यावर पट्टेच उरलेले नव्हते. नव्या पुलापाशी ताजे पट्टे आले आणि काचेवर हिरवी खूण लागली.

घरी पोचलो तर बायको तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभी. डिक्की रिकामी बघून तिनं भावाकडं बघितलं.

"औंदा तुझ्या पोरीच्या दारात उतरवली," तो म्हणाला.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं केलं. मग चूल बी तिथंच मांडते मी, भाकरी खायला वर्कशॉपात येत जावा." आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं नाक ओढल्याचा आवाज आला, तो कांद्याचा होता असं तिचं म्हणणं आहे.

जेवताना मेहुण्याचा फोन वाजला. लातूरचे एक डॉक्टर, त्याच्यासारखीच गाडी असलेले. काचेचं काय झालं म्हणून विचारत होते. तो म्हणाला, नांदेडला आहे, भाचीच्या दुकानात बसवली. कॅमेऱ्याबिमेऱ्यासकट. हैदराबादला कशाला जाता. पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोन कानापासून दूर धरून त्यानं तिला विचारलं, "त्यांच्या काचेला बी तडा गेलाय. गुरुवारी जमतंय का तुला, विचारून राहिलेत."

ती भाकरी मोडत होती. म्हणाली, "काच आधी मागवावी लागते. गाडीचा नंबर पाठवा म्हणावं, काच आली की मी दिवस कळवते."

मेहुण्यानं फोन कानाला लावला आणि ती दोन्ही वाक्यं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता, डॉक्टरांना म्हणून दाखवली.